ऊन उतरायच्या आत

आमच्या वर्गात येणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारायला बंदी केली जाते. हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. पाहुणे तर चपला काढता काढताच विचारतात, "काय आजी, ओळखलं का मला?" विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ज्याची स्मृती जात चालली आहे त्याच्यासाठी ती तोंडी परीक्षा असते आणि तो चारचौघांत नापास होतो. त्याऐवजी समोर बसावं आणि सांगावं, "आजी, मी मंदा, शेजारची." एवढं पुरतं. हे ऐकून वर्गातले सगळे माना डोलावतात. घरी जाऊन बहुतेक जण तोच प्रश्न विचारतात.

काम काय ते आधी सांगते. स्मृतिभ्रंश, म्हणजे सगळे ज्याला डिमेन्शिया म्हणतात तो आजार, झालेल्या माणसांना घरी सांभाळणाऱ्यांसाठी आम्ही वसईत वर्ग चालवतो. एका वाचनालयाची वरची खोली एकाआड एक शनिवारी दुपारी मिळते. निदान आणि औषध हे डॉक्टरांचं काम. आम्ही त्यात पडत नाही. हा आजार बरा होत नाही हे पहिल्या दिवशीच सांगतो, कारण ते मान्य झाल्याशिवाय पुढचं काही शिकता येत नाही. शिकवायचं असतं ते एवढंच: हा माणूस असा का वागतो, आणि आपण काय केलं तर त्याचा आणि आपला दिवस बरा जाईल. शेजारच्या खोलीत आजार नुकता सुरू झालेल्यांचा वर्ग असतो. तिथे वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात, वालाच्या शेंगा सोलतात, चहा कुणी कुणाला द्यायचा यावरून भांडतातही.

त्याआधी माझी नोकरी एका दैनिकाच्या डेस्कवर होती. बातमी तपासायची, कापायची, मथळा द्यायचा. वडिलांच्या आजारात हे काम शिकले आणि ते गेल्यावर सोडलं नाही. डेस्कवरची एक सवय इथे उपयोगी पडते. कोण, काय, कुठे, कधी, का या पाच प्रश्नांतला 'का' आम्ही शेवटी ठेवत असू. तो सांगायला सगळे उत्सुक असतात आणि बहुधा चुकीचा सांगतात. वर्गात येणारेही 'का' घरूनच घेऊन येतात. मुद्दाम करते. माझ्यावर राग आहे. पहिल्यापासूनच असे आहेत. आम्ही तो बाजूला ठेवायला सांगतो आणि विचारतो, कधी करतात?

पाचूबंदरचा इनास होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. तो वडिलांसाठी येत असे. पहिल्या दिवशी त्याने उभं राहून सांगितलं, "पप्पा दुपारचे उठतात नि बोलतात, होडी काढायची हाय. आता होडी विकली त्याला जमाना झाला. मी तसं बोललो की मारायला उठतात. बोलतात, कोनी विकली, कोनाला विचारून विकली?"

"मग काय केलंत?"

"मी काय नाय केलं. माझी बायको बोलली, पप्पा, पानी नाय अजून, भरती येऊ दे. बसले गप."

"किती वेळ?"

"भरती येईपर्यंत."

वर्ग हसला. पहिल्या रांगेत एक निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांना हे पटलं नाही. "म्हणजे आजारी माणसाशी खोटं बोलायचं?" त्यांनी विचारलं.

इनास म्हणाला, "खोटं कसं, साहेब? ओहोटीच होती ना तेव्हा."

हे उत्तर आम्ही अजून नव्या वर्गांना सांगतो. खोटं न बोलताही वाद टाळता येतो. मात्र त्यासाठी त्या माणसाचा धंदा माहीत असावा लागतो.

दुसरी आठवण एका गणिताच्या शिक्षकांची. आजार त्यांनाच होता आणि ते सांभाळणाऱ्यांच्या वर्गात येऊन बसले. शेजारची खोली दाखवली तर म्हणाले, "ते नंतर. आधी अभ्यासक्रम बघतो." पत्नी बाजूला बसल्या होत्या. तास संपताना त्यांनी हात वर केला. "मला आज कळतंय की मी विसरतो. उद्या तेही कळणार नाही. तेव्हा मला कोण सांगणार?"

त्यांच्या पत्नी खिडकीबाहेर पाहू लागल्या. मी म्हटलं, "सर, कुणी सांगू नये, म्हणूनच हा वर्ग आहे."

"म्हणजे चूक दाखवायची नाही."

"नाही."

"अवघड आहे. जन्मभर दुसरं काही केलं नाही." मग पत्नीकडे वळून म्हणाले, "तुला सोपं जाईल. तू माझ्या चुका कधी दाखवल्याच नाहीस." त्या म्हणाल्या, "दाखवल्या. तुमचं लक्ष नव्हतं."

पुढच्या पावसाळ्यानंतर ते जिना चढून आले आणि आपण होऊन शेजारच्या खोलीत जाऊन बसले. पत्नी आमच्याकडे बसल्या. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

सगळ्यांचं असं होत नाही. दिवसभर घरात दुसरं माणूसच नाही, दोघंही कामाला जातात आणि म्हाताऱ्याला कोंडून जावं लागतं, अशांना द्यायला आमच्याकडे उत्तर नाही. ते एकदा येतात, शांतपणे ऐकतात, आभार मानतात आणि पुन्हा येत नाहीत. त्यांचे चेहरे लक्षात राहतात.

ज्या घराविषयी लिहायचं आहे ते नालासोपारा पूर्वेला, आचोळ्यात आहे. घरच्यांच्या संमतीने लिहिते आहे; नावं बदलली आहेत. जानकीबाई मूळच्या निर्मळ गावच्या, बागायती वाडीतल्या. वाटणी झाली, जुनं घर दिरांकडे गेलं आणि मुलगा मिलिंद आईला आचोळ्याच्या फ्लॅटवर घेऊन आला. मिलिंद अंधेरीला नोकरी करतो. त्याची बायको सुजाता कराडकडची. दिवसभर घरात सासू-सून दोघीच.

सुजाता पहिल्यांदा आली तेव्हा तिची तक्रार नेमकी होती. "दिवस कलला की आई उठतात आणि घर गोळा करतात. रिमोट, चमचे, बटाटे, मुलाचे बूट, माझा फोन. सगळं टोपलीत भरायचं, वर घोंगडी टाकायची आणि पलंगाखाली सारायचं. सकाळी तेच सगळं गॅलरीत नेऊन पसरायचं. मी काढून घ्यायला गेले की रडतात. म्हणतात, नासवशील सगळं."

या लक्षणाला आमच्या कामात नाव आहे: संध्याकाळची अस्वस्थता. उजेड बदलतो, सावल्या लांबतात आणि अनेक रुग्ण त्या वेळी बेचैन होतात. त्यावरचा उपायही आमच्या माहितीपत्रकात छापलेला होता. ऊन कलण्याआधी पडदे ओढा, घरातले दिवे लावा. तो सुजाताला सांगितला.

पुढच्या वर्गाला ती आली ती वैतागूनच. "मॅडम, पडदे ओढले की आई जास्तच घाई करतात. आधी दिवस कलल्यावर सुरू व्हायचं, आता दुपारच्या चहालाच सुरू होतं."

असं का व्हावं, हे तेव्हा आम्हाला सांगता आलं नाही. प्रत्येकाचं वेगळं असतं, असं म्हणून वेळ मारून नेली.

मग मार्च महिन्यात पापड्यांचं प्रकरण झालं. इमारतीच्या गच्चीवर बायका वाळवणं घालतात. वरच्या मजल्यावरच्या सावंत वहिनींनी साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या, प्लास्टिक अंथरून, गच्चीभर. सुजाता मुलाला आणायला शाळेत गेलेली. ती परतली तेव्हा जानकीबाई गच्चीवर होत्या आणि अर्धवट ओल्या पापड्या त्यांनी एकूण एक गोळा करून घोंगडीत बांधल्या होत्या. घोंगडी उघडली तेव्हा आत सगळ्यांची मिळून एकच पापडी झाली होती.

सावंत वहिनी जिन्यातच भेटल्या. "सुजाता, पहाटेपासून आधण ठेवून बसले होते गं मी! मुलीच्या सासरी पाठवायच्या होत्या. आता काय ही घोंगडी तळून पाठवू? आजींना कुलूप लाव, नाहीतर आम्ही गच्चीला लावतो."

गच्चीला कुलूप लागलं. दोन दिवसांनी मिलिंदने फ्लॅटच्या दाराला वरच्या अंगाला, आईचा हात पोचणार नाही अशी, कडी बसवली. तेव्हापासून रोज ऊन कललं की जानकीबाई दारामागे उभ्या राहत आणि दार बडवत. "ऊन चाललं! उघडा! कोणी आहे का?" बडवून बडवून तळहात सुजले.

मिलिंदची मोठी बहीण वैशाली डोंबिवलीला असते. तिने फोनवर हे ऐकलं आणि विरारच्या पुढे अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत जागा पाहिली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आईला तिकडे न्यायचं, असं बहीण-भावाचं ठरलं. वैशालीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आई दारामागे रडते आणि सुजाता स्वयंपाकघरात रडते, यातून कुणाचं भलं होतंय, असं तिने विचारलं होतं.

सुजाताने हे वर्गात सांगितलं. "मला त्यांना पाठवायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा इथली बोली कळत नव्हती मला, आईंनी कधी हसं होऊ दिलं नाही माझं. पण संध्याकाळ आली की माझ्या अंगात जीव राहत नाही, मॅडम. मी हो म्हणून बसले."

तिला एकच सांगितलं: पुढच्या वर्गाला नवऱ्याला घेऊन ये.

मिलिंद आला, शेवटच्या खुर्चीवर बसला आणि फोन पाहत राहिला. आमची एक पद्धत आहे. घरचं माणूस काय करतं ते वर्गात सांगायचं नाही, करून दाखवायचं. सांगताना लोक आपलं मत मिसळतात. करून दाखवताना ते जमत नाही. सुजाताला म्हटलं, आई कशा गोळा करतात ते दाखव.

ती उठली. टेबलावरची पेनं, चष्म्याची घरं, डस्टर, कुणाच्या तरी किल्ल्या तिने उचलायला सुरुवात केली. एका वेळी एकच वस्तू. उचलली की उलटी करून पाहायची, अंगठ्याने जराशी दाबायची आणि मग ठेवायची. ओंजळ भरून टाकायची नाही. टोपली म्हणून एक खुर्ची घेतली होती. तिच्यावर सगळं ओळीने, एकाला एक न चिकटवता लावलं. मग कुणाची तरी शाल घेऊन वर पसरली, चारी कडा आत खोचल्या आणि वरून तळवा फिरवला.

मागून मिलिंदचा आवाज आला. "सुकेळी."

सगळे वळले. फोन त्याच्या मांडीवर तसाच होता. "ती केळी आत घेतेय," तो म्हणाला.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. इकडच्या वाड्यांत राजेळी नावाची केळी होतात. ती पिकवून, सोलून मांडवावर पेंढ्यावर मांडतात आणि उन्हात वाळवतात. तयार झाली की तपकिरी, चिवट आणि मधासारखी गोड होतात, तीच सुकेळी. काम कष्टाचं आहे, आता मोजक्या घरांत होतं. सगळं गणित उन्हावर. सकाळी ऊन चढायच्या आत मांडायची, दिवसा उलटायची आणि ऊन उतरायच्या आत टोपलीत घेऊन घोंगडीने झाकायची. दव पडलं की माल आंबला. जानकीबाईंनी हे लग्नाआधी माहेरी केलं होतं आणि लग्नानंतर सासरी.

"पडदे ओढले तर आई घाई करणारच," मिलिंद म्हणाला. "तिला वाटणार, आभाळ आलं."

सुजाता शाल हातात धरून उभी होती. "आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"तू फोनवर म्हणायचीस, आई वस्तू लपवते. लपवते म्हटल्यावर मला काय कळणार? मी घरी येतो तेव्हा ती झोपलेली असते."

"मग मला कोण सांगणार? आमच्या कराडकडं केळं खातात. वाळत घालत नाहीत!"

वर्ग हसला, ते दोघं हसले नाहीत. संध्याकाळी घरात असणारीला सुकेळी माहीत नव्हती आणि सुकेळी माहीत असणारा संध्याकाळी घरात नव्हता. एवढ्यासाठी दाराला कडी बसली होती. माहितीपत्रकातली पडद्यांची ओळ आम्ही काढली नाही, कारण काही घरांत तिचा उपयोग होतो. पण तिच्याआधी आता एक प्रश्न छापतो: हा माणूस पूर्वी या वेळेला काय काम करत असे?

त्याच आठवड्यात मिलिंद निर्मळला चुलतभावाकडे जाऊन राजेळीची केळी घेऊन आला. गॅलरीत दुपारनंतर ऊन येतं. भाजीच्या क्रेटच्या फळ्या जोडून त्यावर पेंढा पसरला. टोपली आणि घोंगडी घरात होतीच. जानकीबाईंनी सगळं पाहिलं, एक केळं उचललं, अंगठ्याने दाबलं आणि मुलाला झापलं. "हिरवट आहे हे. अढीत कोण बघत होतं? तू? तरीच."

मिलिंद नंतर सांगत होता, आईने असं ओरडून बरीच वर्षं झाली होती.

दार बडवणं त्या संध्याकाळी झालं नाही. पुढे काही वेळा झालं, ढगाळ दिवशी जास्त. आजार होता तिथेच होता. जानकीबाईंना नातवाचं नाव येत नव्हतं आणि जेवण झालं की नाही हे सांगता येत नव्हतं. पण ऊन कललं की त्या गॅलरीत जात, केळी एकेक करून टोपलीत घेत, घोंगडी पसरत. तिचं दुसरं टोक सुजाता धरी. मग त्या आत येऊन चहा मागत.

पहिला रविवार मात्र ठरलेलाच होता. वैशालीला फोनवर सांगून झालं होतं. तिचं उत्तर होतं, "केळी वाळवल्याने डिमेन्शिया जात नाही. मी येते, बघते आणि मग ठरवू." सुजाताने मला बोलावलं. घरी जाऊन पाहणं हा आमच्या कामाचा भाग आहे, म्हणून गेले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

वैशाली दुपारी आली. दारातच पिशवी ठेवून आईसमोर वाकली. "आई, ओळखलंस का मला?"

सुजाताने माझ्याकडे पाहिलं.

जानकीबाईंनी पदर सारखा केला. "बसा ना. कोणाकडे आलात?"

वैशाली बसली. मग भावजयीला हळू आवाजात म्हणाली, "बघितलंस? मी तिची थोरली. मला 'आलात' म्हणते. तिला इथे काय आणि तिथे काय, सारखंच आहे गं. तू कशाला स्वतःला गाडून घेतेस?"

सुजाता म्हणाली, "ताई, चहा टाकते," आणि आत गेली. मिलिंद खाली दूध आणायला गेला होता. वैशालीचं म्हणणं खोडून काढता येईल असं कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नाही.

गॅलरीच्या भिंतीवरचं ऊन वर सरकलं. जानकीबाई उठल्या. फळीशी बसून त्यांनी केळी घ्यायला सुरुवात केली. उचल, उलट, दाब, ठेव. वैशाली सोफ्यावरून पाहत होती. टोपली भरली. जानकीबाईंनी घोंगडी झटकली, एक कड धरली आणि दुसऱ्या कडेसाठी मान वर करून पाहिलं. रोजची सून तिथे नव्हती.

"बघत काय बसलीस?" त्या वैशालीला म्हणाल्या. "ऊन चाललं. धर ते टोक."

वैशाली उठली आणि तिने टोक धरलं. दोघींनी घोंगडी ताणून टोपलीवर सोडली. जानकीबाई आपल्या बाजूची कड खोचू लागल्या. वैशालीने आपल्या बाजूची खोचली, कुणी न सांगता, कोपरा आधी आत दुमडून मग टोपलीच्या बुडाखाली, आणि वरून तळवा फिरवला. सुजाताला गेल्या काही आठवड्यांत ती दुमड जमली नव्हती.

जानकीबाई तिच्या हातांकडे पाहत राहिल्या. "हात सवयीचा आहे," त्या म्हणाल्या. "कोणाची गं तू?"

वैशालीचा तळवा अजून घोंगडीवर होता. "जानकीची."

"हं." जानकीबाईंनी टोपली भिंतीशी सारली. "जानकीला सांग, उद्या पोरीला लवकर पाठव म्हणावं. ऊन चढायच्या आत मांडायची आहेत."

"सांगते," वैशाली म्हणाली.

संस्थेला नको म्हणून फोन तिनेच केला, पण तो नंतर कधीतरी. सावंत वहिनींनी गच्चीची किल्ली परत दिली, तीही नंतर. त्या रविवारी एवढंच झालं की वैशाली डोंबिवलीला परत गेली नाही. सकाळी लवकर उठायचं होतं.